पाकळी लावणारा हात

आमच्या भैरोबाला रोज सकाळी आंघोळीआधी शिव्या खाव्या लागत. मी शाळेत शिक्षिका म्हणून हजर व्हायला त्या गावात पहिल्यांदा गेले, तेव्हा एस.टी. नदीकाठच्या देवळापाशी थांबली आणि आतून एका बाईचा खणखणीत आवाज ऐकू आला. "ऊठ गा बाबा, ऊठ. गाव उसाच्या भांगलणीला गेलं, तुजं डोळं आजून चिकाटल्यालं. कुणी काय मागाय आलं की बहिरा हुतोस, निवद दिसला की जागा. लाज हाय का न्हाई?" मला वाटलं, आत कुणी दारुडा नवरा किंवा ऐतखाऊ मुलगा असावा. डोकावून पाहिलं तर एक बुटकी, काटक म्हातारी काष्टा मारून गाभाऱ्यात उकिडवी बसली होती आणि काळ्या पाषाणाच्या भैरोबाच्या पाठीवर नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासत होती.

ती तानूबाई गुरवीण. सगळं गाव तिला गुरवीणमावशी म्हणे. पुढे तिच्याच पडवीची खोली मी भाड्यानं घेतली आणि बरीच वर्षं तिथंच राहिले. मी मूळची फलटणची, घरात देवाला हळू आवाजात हाक मारायची सवय. मावशीच्या शेजारी राहून मला शिव्यांतला जिव्हाळा ऐकू यायला लागला.

गावाचं नाव लिहीत नाही. सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी, उसाच्या पट्ट्यात ते आहे, एवढं पुरे. ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्यांतले बरेच जण अजून निवडून येतात, आणि त्यांच्यामुळे ओळखलं जावं इतकं काही ते गाव वाईट नाही.

मावशी माणसांना नावानं, नात्यानं, नाहीतर शिवीनं हाक मारी. 'सायेब' हा शब्द मात्र तिनं एका खास प्रकारच्या लोकांसाठी राखून ठेवला होता. लाइटीच्या कामाला आलेला वायरमन खांबावर चढला तर तो 'बाळा', आणि चढायचं सोडून नुसता वर बघून गेला तर तो 'सायेब'. मी एकदा यामागचं गणित विचारलं. ती म्हणाली, "बाई, आपल्या कामाचा आसंल त्याला आरंतुरं करावं, त्याच्याशी भांडावं. जो जल्मात कवा उपेगाला येणार न्हाई, त्याला सायेब म्हणून मोकळं व्हावं. त्योबी खूश, आपुनबी रिकामं." एवढं उपयुक्त समाजशास्त्र मला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

तिचा खरा मान होता तो कौलामुळे. देवाच्या छातीवर उजव्या आणि डाव्या अंगाला कण्हेरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची, विचारणाऱ्यानं मोठ्यानं प्रश्न सांगायचा, आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहिरीची जागा, पोराला मिलिटरीत धाडायचं की नाही, सगळं तिथं विचारलं जाई. पाकळ्या लावल्या की मावशी देवाकडे पाठ करून बसे आणि पानाला चुना लावायला घेई. "बघत बसलं की त्याला घाई हुती," म्हणे. मुलीचं लग्न ठरवून, साड्या घेऊन मग कौल लावायला आलेल्या एका बाईला तिनं सरळ परत पाठवलं. "देवाला इचारायचं तर दोनी उत्तरं पदरात घ्यायची तयारी ठिऊन यावं. तू तर एकाच उत्तराची पिशवी आणलीयास."

हा मान तिला कुणी आंदण दिला नव्हता. तिचा नवरा ऐन चाळिशीत गेला, पदरी मूल नव्हतं. तेव्हा भावकीतल्या एका पुतण्याला पूजा हवी होती, आणि पाणी संस्थेच्या आताच्या चेअरमनचे वडील त्याच्या बाजूनं होते. बाईच्या हातचा कौल चालत नाही, असं त्यांनी देवळात पंचांपुढं सांगितलं. मावशी तेव्हा जे बोलली ते गावातली म्हातारी माणसं अजून हुबेहूब म्हणून दाखवतात. "लावणारा हात कुणाचाबी आसू द्या. बाईचा आसू द्या, बाप्याचा आसू द्या. पाकळी पाडणारा तो हाय. तुमचा इस्वास देवावर हाय का माज्या बांगड्यांवर?" देवावर विश्वास नाही असं म्हणायची पंचांची छाती नव्हती. त्या एका वाक्यावर तिनं पूजा मिळवली आणि जन्मभर राखली. कुणी जरा वाकड्यात शिरलं की तेच वाक्य ती काढी.

मग तो पूर आला. नदीकाठच्या घाटआळीत देवळापर्यंत छातीभर पाणी, वरच्या आळीत कमरेइतकं. गाव माझ्या शाळेत येऊन राहिलं. पाणी ओसरल्यावर मावशीनं आधी स्वतःच्या घरातला नाही, देवळातला गाळ उपसला. भैरोबाच्या नाका-कानातली माती बोटानं काढत ती त्याच्यावर ओरडत होती, "पवायला येत न्हाई तर नदीकाठी कशाला बसलास रं? म्या हुतो म्हणून निघालास." मग घराकडे वळली. घाटआळीतली घरं दगडमातीची, वर पत्रा. गुरव, परीट, कुंभार, कोळी यांची. बापजाद्यांपासूनची, स्वतःच्या मालकीची. एखाद-दुसरी भिंत बसली होती, बाकी घरं उभी होती. आळीनं चिखल काढला, चुली पेटवल्या. "नदी येती, चार दिस ऱ्हाती, जाती," मावशी म्हणाली. "तिचं काय वाईट वाटत न्हाई."

नदीपाठोपाठ सरकार आलं. ते मात्र गेलं नाही.

पुनर्वसन म्हणजे काय, हे पुनर्वसन करणाऱ्याला कधीच समजावून घ्यावं लागत नाही, कारण ते त्याचं होत नसतं. नकाशावर एक निळी रेघ ओढली गेली. रेघेच्या आतली घरं पाडायची आणि माणसांना गावाबाहेरच्या खडीच्या माळावर न्यायचं, असं ठरलं. रेघ घाटआळीतून सरळ आली आणि पाणी संस्थेच्या चेअरमनच्या बंगल्यापाशी पोचली. बंगला आळीला लागूनच, नदीला तेवढाच जवळ. पुरात त्याचाही तळमजला पाण्यात होता. पण तिथं रेघेनं अदबीनं वळसा घेतला. मावशी म्हणाली, "रेघ मारणाऱ्याचा हात चेरमनच्या दारात आला की थरथरतोय." मोकळ्या होणाऱ्या जागेत घाट, बाग आणि बाकडी होणार होती. पुराच्या धोक्याच्या जागी माणसं राहू शकत नाहीत, पण संध्याकाळी फिरायला येऊ शकतात, असा काहीतरी शास्त्रीय हिशोब त्यामागं असावा.

ग्रामसभेत आळीनं नाही म्हणून सांगितलं. परिटांना नदी सोडून कुठं धुणं धुवायचं? मजुरीला माळावरून रोज कसं यायचं? आणि स्वतःचं घर सोडून सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या खोलीत का राहायचं? साध्या प्रश्नांना साहेब लोकांकडे उत्तरं नसतात. जबरदस्ती केली असती तर गवगवा झाला असता. तेव्हा चेअरमननं तोडगा काढला: भैरोबाला कौल लावू. देव म्हणाला जा, तर आळी जाईल. पुनर्वसनाचे साहेब चांगले शिकलेले, चष्म्याआडून गोड बोलणारे. ते म्हणाले, लोकभावनेचा आदर केलाच पाहिजे. ज्या सरकारला आळीतल्या जिवंत माणसांचं ऐकू येत नव्हतं, ते दगडाच्या देवाचं ऐकायला तयार झालं.

आदल्या दिवशी दुपारी चेअरमन मावशीकडे आला. ती उंबऱ्यात पत्रावळी टाचत होती, मी आत वह्या तपासत होते. चेअरमन मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, तुमी कशाला माळावर जाताय? देवळाच्या आवारात तुमाला पक्की खोली बांधून देतो. नळ, संडास, समदं. पूजा तुमच्याकडंच ऱ्हाईल. फकस्त उद्या उजवी पडली म्हंजी झालं."

मावशीनं मान वर केली नाही. "चेरमन, जरा सरका. उजेड आडतोय."

तो सरकला. तिनं पळसाचं पान लावलं, काडी टोचली. "पाकळी लावायचं काम माजं. पाडायचं माजं न्हाई. पुजारी बदलता यील तुमाला, देव न्हाई बदलायचा." चेअरमन हसत निघून गेला. तो नेहमी हसतच जात असे; त्याच्या सगळ्या घराण्यालाच ती खोड होती.

कौलाच्या दिवशी साहेबांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून देवळाच्या वाटेवर मुरूम टाकला होता. पुरानंतर घाटआळीत पडलेली ही पहिली सरकारी मदत. माझ्या शाळेच्या मुली स्वागतगीताला उभ्या केल्या होत्या, आणि ज्यांची घरं जायची होती त्याच पहिल्या रांगेत खड्या आवाजात गात होत्या. फोटोवाला होता, हार होते. आळीतली सगळी माणसं गाभाऱ्यासमोर दाटीनं बसली होती. मावशीची शेजारीण हौसाबाई परटीण सर्वांत पुढं होती. पुरात तिचा नातू पाण्यात गेला होता आणि कोळ्याच्या पोरानं त्याला केसाला धरून ओढून काढला होता. तेव्हापासून ती त्याला मांडीवरून उतरू देत नव्हती.

मावशीनं दोन पाकळ्या लावल्या, पाठ केली, पान काढलं. चेअरमननं प्रश्न विचारला, "देवा, घाटआळीनं माळावर जावं का?" थोडा वेळ गेला आणि डावी पाकळी टपकन खाली आली. नाही. आळीत एकदम जल्लोष झाला. हौसाबाईनं नातवाचा मुका घेतला.

साहेब चेअरमनकडे बघू लागले. चेअरमन म्हणाला, "तीनदा विचारायची रीत हाय." रीत होती, पण ती उत्तर कळलं नाही तर. इथं उत्तर कळलं होतं, फक्त रुचलं नव्हतं. मावशीनं "इचारा की, पोटभर इचारा," म्हणून पुन्हा पाकळ्या लावल्या. या खेपेला बराच वेळ एकही पडेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग मोबाइल, मग पुन्हा घड्याळ. देवानं सरकारला असं ताटकळत ठेवलेलं मला मनापासून आवडलं. शेवटी डावीच पडली.

तेव्हा चेअरमन उठला. तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले आणि गाभाऱ्याच्या पायरीवर चढला. "आता तिसरा कौल मी लावतो."

"तुजं काय काम हाय हितं?" मावशी आडवी झाली.

चेअरमननं आळीकडे तोंड फिरवलं. प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मावशीच सांगत आल्यात न्हवं? लावणारा हात कुणाचाबी आसू द्या, पाडणारा तो हाय. माज्या बापाला ऐकवलंय त्यांनी ह्येच हितं उभं ऱ्हाऊन. मग आज माज्या हातात काय खोट हाय?"

मावशीनं हो म्हणावं तर हा पायरीवर चढलेलाच होता. नाही म्हणावं, तर जिच्या जोरावर तिनं जन्म काढला ती गोष्टच खोटी ठरत होती. मग आजवरचे सगळे कौल तिच्या हाताचे होते असाच अर्थ झाला असता. ती बाजूला सरकली.

चेअरमननं डावी पाकळी अंगठ्यानं दाबून दाबून बसवली. उजवी नुसती टेकवली, तीही कोरडी. प्रश्न विचारून संपायच्या आत ती खाली होती. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. देवळात टाळ्या वाजवायच्या नसतात हे शिकलेल्या माणसाला कसं कळणार? फोटोवाल्यानं पडलेल्या पाकळीचा फोटो घेतला. मावशी म्हणाली, "आज देवाला लय घाई झालीया. सायबांची गाडी चुकंल म्हणून." पण हसायला कुणी उरलं नव्हतं. आळी पांढरी पडली होती.

संध्याकाळी सगळे मावशीच्या अंगणात जमले. मावशी पोटतिडकीनं सांगत होती, ही लबाडी आहे, त्यानं पाकळी टेकवली, दोन कौल आपले आहेत, कुणी हलायचं नाही. "पाकळी पडली गं, देव न्हाई पडला."

हौसाबाई नातवाला घट्ट धरून म्हणाली, "तानू, तूच म्हणत आलीस न्हवं, हात बघू नका? आमी तुज्या हाताकडं कवा बघितलं न्हाई. आता त्याच्या हाताकडं कसं बघू? आन् बघितलं, हितंच ऱ्हायलो, आन् पुढल्या पावसाळ्यात ह्यो वाहून गेला, तर? देवानं सांगून ऐकलं न्हाई म्हणून गेला, ह्ये घिऊन मी कुटं जाऊ?"

चेअरमन आणि साहेब यांना आळीची नस नेमकी ठाऊक होती. घाबरवायला त्यांना पोलीस लागले नाहीत, आळीचाच देव पुरला. लबाडी करणाऱ्याची मला किळस येते, पण दुसऱ्याच्या श्रद्धेच्या खिशात हात घालून लबाडी करणाऱ्यासाठी माझ्याकडे शब्द नाही. मावशीकडे होते, पण ते इथं लिहिता येणार नाहीत.

घरं पाडायला यंत्र आलं त्या दिवशी चेअरमननं पुन्हा खोलीचा निरोप धाडला. सगळ्यांना वाटलं, ती देवळापाशीच राहील. मावशीनं पाटा-वरवंटा डोक्यावर घेतला आणि आळीच्या ट्रॉलीत चढली. मी म्हटलं, "मावशी, पूजेचं काय?" ती म्हणाली, "मेंढरं हायती मेली, समदी मेंढरं. पर मेंढरं गेल्यावर रिकाम्या वाड्यात मी काय करू?" तिचं घर पडताना तिनं मागं पाहिलं नाही. हौसाबाई मात्र ट्रॉलीत तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि मावशी तिलाच शिव्या देत तिच्या पाठीवर हात फिरवत होती.

मी वरच्या आळीत खोली घेतली. रविवारी माळावर जात असे. एकाला एक चिकटलेल्या पत्र्याच्या खोल्या, शेजारी खडी फोडायचं क्रशर, भाकरीवर सुद्धा पांढरी धूळ. नळाचे पाइप आले, पाणी आलं नाही. पाण्यापासून वाचवलेली माणसं घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी असायची. मावशी म्हणायची, "सरकारनं लय नेट लावून पुनर्वसन केलंय बाई. पुरानं मरायची सोय ठेवली न्हाई, तहानंनं मरा म्हणत्यात." पुढल्या पावसाळ्यात नदी पुन्हा आली. नव्या बागेची बाकडी गाळात गेली, चेअरमनच्या दिवाणखान्यात मासे फिरले, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याच दिवाणखान्यात पूरनियंत्रणाची बैठक झाली.

देवळाला आता समिती होती आणि शहरातून आणलेला पगारी पुजारी. यात्रेच्या सुमाराला मावशीला तिकडे न्यावं असं माझ्या मनात आलं. ती बराच वेळ नाही म्हणाली, मग माझ्या स्कूटरवर बसली. घाटआळी होती तिथं रंगीत फरशी आणि लोखंडी साखळी. देवळात स्टीलचे कठडे. भैरोबाला चांदीचे डोळे बसवले होते, अंगावर झुळझुळीत शेला होता. मावशी रांगेत उभी राहिली. मी मनात तयारी करून होते: आता तिचा आवाज चढणार, समिती धावत येणार, आणि मी मजा बघणार.

कठड्यापाशी तिची पाळी आली. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, दोन्ही हात जोडले, आणि सभ्य, हळू आवाजात म्हणाली, "नमस्कार सायेब. बरं चाललंय न्हवं? हितं काय तरास न्हाई न्हवं? बसा मग." पुजारी कौतुकानं माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी फार भाविक दिसतात." मावशीनं ओंजळीत प्रसाद घेतला आणि बाहेर येऊन पायरीवरच्या कुत्र्याला घातला. परतीच्या वाटेवर मी गाडी चालवताना रडत होते आणि ते तिला मागून दिसत नव्हतं, एवढंच बरं. माळावर हौसाबाईनं देवळाचं विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "भेट झाली सायबाची."

ती त्याच हिवाळ्यात गेली. छातीत धूळ साठली होती. निरोप आला तेव्हा मी शाळा सोडून माळावर पोचले. तिचा श्वास वर लागला होता, खोलीत आळी दाटली होती. शेवटच्या घोटाला भैरोबाचं तीर्थ आणावं म्हणून कुंभाराचा थोरला मोटरसायकलला किक मारत होता. हौसाबाई दारात गेली आणि त्याला थांबवलं. "नगं जाऊस. तिचं न् त्या सायबाचं बोलणं न्हवतं." मग तिनं कोपऱ्यातल्या घागरीतून टँकरचं पाणी वाटीत घेतलं आणि आपल्या हातानं मावशीच्या ओठांना लावलं.